७५० पैकी २८२

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांत फटाके वाजतात आणि टक्के कमी पडलेल्या पोरांना बापाचे बोलही बसतात. बोल लावताना दाखला हमखास बाबासाहेबांचा दिला जातो. पण शाळकरी भीमराव आपण नीट समजून घेतला आहे काय?

आई भीमाबाई लहानपणीच गेल्या. साताऱ्याच्या शाळेत भीमराव वेगळे, गोणपाटावर बसत. ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे. पाणी पाजायला शिपाई नसला तर तहानलेलेच राहत. १९०१ साली मसूर स्टेशनावरून वडिलांकडे गोरेगावला जाताना भावंडांना रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. वडिलांनी दुसरे लग्न केले, तेव्हा मुलगा घरातही परका झाला. मुंबईच्या गिरणीत पळून जाण्यासाठी त्याने आत्याचा बटवा चोरला. आत निघाला अर्धा आणा! त्या शरमेतून त्याने शिकायचा निश्चय केला.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलात गुरुजींनी फळ्याकडे बोलावताच सवर्ण मुलांनी फळ्यामागचे जेवणाचे डबे विटाळाच्या भीतीने धावत जाऊन उचलले. संस्कृतचे दार बंद होते, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२, म्हणजे अडतीस टक्केही नाहीत!

तरीही समाजाने सभा भरवून कौतुक केले. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. परळच्या एका खोलीत रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला अभ्यासाला उठवत आणि मगच झोपत.

भीमराव जन्मतःच पोलादी होते असे सांगून आपण मुलांवर ओझे टाकतो. खरे तर तेही दुखावले, पळून जायला निघाले. अपमान करणारी व्यवस्था दोषी होती, मुलगा नव्हे. तो सावरला, कारण त्याची जिद्द होती आणि पाठीवर हातही होते.

आज वसतिगृहात, वर्गात आडनाव विचारले की आपली पोरे गप्प होतात. झोप उडते, जेवण सुटते. हे लाड नव्हेत, दुखणे आहे. डॉक्टरकडे नेण्यात लाज कसली? सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ क्रमांक मोफत आहे. बांधवांनो, पोराला बाबासाहेब व्हायला सांगण्यापूर्वी आपण रामजीबाबा झालो आहोत काय, हे आम्ही स्वतःला विचारले पाहिजे.