मिठाचा हिशेब मागणारे नामदार

मैत्रिणींनो, मुंबईत किंवा नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की टीव्हीवर आपल्याला काय दिसतं? पायऱ्यांवरच्या घोषणा, हातातले फलक, आत गोंधळ आणि मग कामकाज तहकूब. आपण ‘यांचं हे नेहमीचंच’ म्हणतो आणि मालिका लावतो. पण त्याच सभागृहात एक तास फार मोलाचा असतो, तो म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. आमदार आधी लेखी प्रश्न देतो. तो प्रश्न तारांकित असेल तर मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर गुळमुळीत वाटलं तर लगेच उपप्रश्न विचारता येतो. गावाला टँकर का आला नाही, दवाखान्यात डॉक्टर का नाही, शाळेची खोली का पडली, हे मंत्र्याला सर्वांसमोर विचारायची ही जागा. गोंधळात हा तास वाया गेला की नुकसान आमदाराचं होत नाही, आपलं होतं.

हा हक्क काही आभाळातून पडलेला नाही. इंग्रजांच्या राज्यात १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना पहिल्यांदा प्रश्न विचारायची मुभा मिळाली. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी वरिष्ठ कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला तो भिंगाच्या राजेसाहेबांनी. दौऱ्यावर आलेल्या साहेबांना शिधासामग्री पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांना किती त्रास होतो, असा तो प्रश्न होता. बघा, पहिलाच प्रश्न किराणा दुकानाचा! पण उत्तर कसंही आलं तरी उपप्रश्न विचारायचा नाही, आणि अंदाजपत्रकावर नुसतं बोलायचं, मत द्यायचं नाही, अशी अट होती. हात बांधलेल्या या कौन्सिलात ज्यांनी सरकारला हिशेब मागायला सुरुवात केली, ते आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

शाळेत गांधीजींचे राजकीय गुरू एवढीच त्यांची ओळख आपण पाठ केलेली असते. पण त्यांचं आयुष्य आपल्यासारख्या साध्या घरातलं आहे. त्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. वडील कागलला नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील गेले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दर महिन्याला धाकट्या भावाच्या शिक्षणाला पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालायचं. ते कसं चालत असेल हे बायकांना वेगळं सांगायला नको. पुढे कॉलेजचा खर्च आला तेव्हा वहिनीने अंगावरचे दागिने मोडायची तयारी दाखवली, असं चरित्रकार सांगतात. एक एक पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, याची जाण या मुलाला घरातच आली असणार.

१८८४ साली ते बी.ए. झाले. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते पस्तीस रुपयांवर मास्तर झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीला वाहून घेऊन फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. याच काळात न्यायमूर्ती रानडे त्यांना गुरू म्हणून लाभले. रानड्यांकडे शिकणं सोपं नव्हतं. सरकारी अहवालांचे ढीगच्या ढीग वाचायचे, आकडे उतरवून घ्यायचे आणि लिहिलेलं पुन्हा पुन्हा तपासायचं, अशी ती तालीम होती.

तरीही त्यांच्या हातून एक मोठी चूक झालीच. १८९७ साली एका आयोगासमोर साक्ष द्यायला ते विलायतेला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगचा कहर चालू होता आणि घरं तपासणाऱ्या सोजिरांबद्दल लोकांत संताप होता. स्त्रियांशी गैरवर्तन झाल्याची पत्रं पुण्याहून त्यांच्याकडे गेली आणि ती तक्रार त्यांनी तिथे जाहीरपणे मांडली. सरकारने पुरावा मागितला. ते परत आले तेव्हा पुढे येऊन साक्ष द्यायला कुणी तयार होईना, आणि पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगणं त्यांना पटेना. शेवटी त्यांनी जाहीर माफी मागितली. आपल्याच लोकांनी त्यांना भित्रा ठरवलं. तक्रार खोटीच होती असं मला वाटत नाही. त्या काळात कोणती बाई उघडपणे बोलणार होती? आजही किती बोलतात? पण सरकारशी बोलताना हातात पुरावा नसेल तर खरं बोलणंसुद्धा कसं हरतं, हे गोखल्यांना तेव्हा कळलं. माफीनंतर ते तोंड लपवून बसले नाहीत, प्लेगच्या मदतकामात उतरले.

त्यांच्या घरच्या आयुष्याबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. पहिली पत्नी आजारी असल्यामुळे घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून ती हयात असतानाच त्यांनी दुसरं लग्न केलं. सुधारकाने असं करावं हे तेव्हाही पुष्कळांना रुचलं नाही आणि आपल्यालाही रुचणार नाही. दुसरी पत्नी तरुणपणीच वारली, मागे दोन मुली राहिल्या.

१८९९ च्या अखेरीस ते मुंबई कौन्सिलात निवडून गेले. दख्खनवर तेव्हा दुष्काळाची छाया होती. आपला नगर जिल्हाही त्यात होरपळला. अशात १९०१ साली सरकारने जमीन महसुलाचं एक विधेयक आणलं. सारा थकल्यामुळे जप्त झालेली जमीन परत देताना ती विकायचा आणि गहाण टाकायचा हक्क काढून घ्यायचा, असा त्याचा रोख होता. घाई करू नका, आधी लोकांचं म्हणणं ऐका, असं गोखले सांगत राहिले. सरकारने ऐकलं नाही. तेव्हा फिरोजशहा मेहतांबरोबर ते सभागृहातून उठून बाहेर पडले. आज ‘सभात्याग’ हा शब्द रोजचा झाला आहे, तेव्हा तो जगावेगळा होता. कायदा झालाच, पण सरकारचं म्हणणं म्हणजे जनतेचं म्हणणं नव्हे, हे सगळ्यांना दिसलं.

त्यानंतर ते व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कौन्सिलात गेले. तिथे २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. समोर लॉर्ड कर्झन बसलेले, सरकारी सभासदांचं बहुमत, आणि हे जेमतेम छत्तीशीचे पुण्याचे प्रोफेसर! तिजोरीत शिल्लक पडली म्हणून सरकार आपली पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांनी सरकारच्याच कागदांतले आकडे काढून दाखवलं की ही शिल्लक भरभराटीची नाही. दुष्काळ आणि प्लेगने माणसं मरत असताना गरजेपेक्षा जास्त कर वसूल केला, म्हणून ती पडली आहे. घरातली मुलं उपाशी ठेवून डब्यात पैसे साठवले तर त्याला आपण काटकसर म्हणू का?

त्यांचा मोठा रोख होता मिठावरच्या करावर. मणामागे अडीच रुपये कर! श्रीमंताच्या ताटात मीठ चिमूटभर आणि गरिबाच्या ताटातही तेवढंच. भाकरीबरोबर दुसरं काही नसलं तरी मीठ लागतंच, गोठ्यातल्या जनावरालाही लागतं. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याच्यावर या कराचा भार जास्त. गोखले दर वर्षी हा मुद्दा घेऊन उभे राहायचे. १९०३ साली मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं म्हणणं बरोबर होणार नाही, मागणी जुनी होती. पण ज्याला मतदानाचा हक्कच नाही त्या माणसाच्या बोलण्याची सरकारला दखल घ्यावी लागली, हे खरं.

या भाषणांमागची मेहनत मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. सोलापूरला गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक हेडमास्तर होते, अर्थशास्त्राचे मोठे जाणकार. गोखले त्यांच्याकडून आकडे आणि टिपणं मागवत, मसुदा दाखवत आणि दुरुस्त करून घेत. एवढे मोठे नामदार, पण विचारायला कधी लाजले नाहीत.

१९०९ च्या कायद्याने थोडं दार उघडलं. मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, ठराव मांडता येऊ लागले. गोखल्यांनी लगेच त्याचा उपयोग केला. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला आपली माणसं करारावर मजूर म्हणून नेली जात आणि तिथे त्यांचे हाल होत. १९१० साली गोखल्यांनी ही भरती थांबवण्याचा ठराव मांडला, सरकारला तो मान्य करावा लागला आणि १९११ साली नाताळची भरती बंद झाली. १९१२ साली त्यांनी सगळीकडचीच करारी मजुरी बंद करा असा ठराव आणला, तेव्हा मात्र तो फेटाळला गेला. ही भरती अखेर थांबली १९१७ साली.

हे वाचताना पाथर्डीच्या बाईला आपला ऊसतोड कामगार आठवल्याशिवाय राहत नाही. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले ‘कोयते’ गाडीत बसून कारखान्याकडे जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एवढं साधं गणित! शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचा विषय २०१९ साली विधान परिषदेत निघाला, तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्याआधी कित्येक बाया ते दुखणं घेऊन गप्प बसल्या होत्या. सभागृहात प्रश्न निघाला म्हणून त्याची नोंद झाली.

गोखल्यांचं सगळ्यात मोठं स्वप्न होतं प्राथमिक शिक्षणाचं. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक मांडलं. नगरपालिका आणि लोकल बोर्डांनी आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं करावं, खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा, अशी ती योजना होती. सुरुवात मुलग्यांपासून, मुलींचा नंबर नंतर. हे मनाला लागतं खरं, कारण बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०६ सालीच मुलींनाही त्यात घेतलं होतं. पण एवढं बेताचं विधेयकसुद्धा सरकारला जड झालं. पैसा नाही, लोकांची तयारी नाही, अशी कारणं निघाली. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोधात काही आपलेही लोक होते.

मग ते सगळं फुकट गेलं का? १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचं शिक्षण सुरू केलं. १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांसाठी तसा कायदा झाला. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीसाठी कायदा लागू झाला. पडलेल्या विधेयकापासून इथपर्यंत यायला अठ्ठ्याण्णव वर्षं लागली. तरी कोयत्यामागे जाणाऱ्या लेकरांची शाळा आजही मध्येच सुटते. म्हणजे गोखल्यांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आता तो आपण विचारायचा आहे.

मधुमेह, दमा आणि न संपणारं काम यांनी गोखल्यांची प्रकृती पोखरली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय होतं अवघं अठ्ठेचाळीस. आयुष्यभर ज्यांच्याशी टोकाचे मतभेद झाले ते लोकमान्य टिळक अंत्यविधीला आले आणि त्यांनी या विरोधकाला आदराने निरोप दिला. हा मोठेपणा दोघांचाही. गोखले मवाळ, अर्ज-विनंत्या करणारे, अशी टीका तेव्हाही होत होती. पण मऊ आवाजात, आकडा हातात धरून, तोच प्रश्न दर वर्षी विचारत राहणं याला मवाळपणा म्हणायचा की चिवटपणा, ते तुम्हीच ठरवा.

आपल्याला काही मुंबईच्या सभागृहात जायचं नाही. पण ग्रामसभा तर आपलीच आहे ना? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा नियम आहे. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. माहितीच्या अधिकाराचा कायदाही २००५ पासून हाताशी आहे. आमच्या तालुक्यातल्या एका वाडीतल्या बचत गटाच्या बाया उन्हाळ्यात फक्त एक वही घालत होत्या : टँकर कोणत्या तारखेला आला, किती वाजता आला, किती घरांना पाणी मिळालं. ग्रामसभेत ‘टँकर रोज येतो’ असं उत्तर मिळालं तेव्हा त्यांनी ती वही पुढे केली. कुणी आवाज चढवला नाही. पुढच्या आठवड्यात खेपा वाढल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेला जाताना एक वही बरोबर न्या. एकच प्रश्न न्या, पण तारखेनिशी आणि आकड्यानिशी न्या. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या सभेला तोच प्रश्न परत विचारा. आणि आपल्या आमदारांनी अधिवेशनात आपल्या तालुक्याचे किती प्रश्न विचारले, हेही त्यांना एकदा विचारून बघा!