आधी कॉपी, मग शोएन

किमोनो घातलेली, केसांचा उंच अंबाडा बांधलेली, मान किंचित झुकवलेली जपानी बाई तुम्ही नक्की पाहिली असेल. मोबाइलच्या कव्हरवर, कॅफेच्या भिंतीवर, नाहीतर ऑनलाइन विकायला ठेवलेल्या हाताने रंगवलेल्या प्रतिकृतीत. सुंदर स्त्रियांच्या अशा चित्रांना जपानीत ‘बिजिन-गा’ म्हणतात. पण कॉपी म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो, हो ना? मग उएमुरा शोएनची गोष्ट वाचाच. कारण ती चित्र काढायला शिकली तीच मुळी कॉपी करून!

तिचं खरं नाव त्सुने. जन्म 1875चा, क्योतो शहरातला. ती जन्मायच्या आधीच वडील गेले. आईने, नाकाकोने, चहापत्तीचं दुकान एकटीने चालवून दोन्ही मुलींना वाढवलं. मुलीच्या जातीने चित्रकार व्हायचं, हे तेव्हा नातेवाइकांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. आई मात्र ठाम राहिली. बाराव्या वर्षी त्सुने क्योतोच्या चित्रशाळेत दाखल झाली. तिचे गुरू सुझुकी शोनेन. त्यांच्या नावातला ‘शो’ घेऊन ती झाली शोएन.

आता तिची अडचण बघा. शाळेत फुलं-पक्षी शिकवत होते आणि हिला काढायची होती माणसं, त्यातही बायका. त्यासाठी समोर नमुनेच नव्हते. आज आपण दोन मिनिटांत हजार रेफरन्स शोधतो, तिला चालत जावं लागायचं. देवळं, संग्रहालयं, जिथे जुनी चित्रं असतील तिथे ती वही घेऊन पोहोचायची. क्योतोत गिओनच्या उत्सवात जुनी घराणी आपल्याकडचे चित्रांचे पडदे दर्शनी भागात मांडतात. शोएन परवानगी मागून त्या पडद्यांसमोर ठाण मांडायची आणि छोट्या आकारात नक्कल उतरवून घ्यायची. अशा वह्यांवर वह्या भरल्या. पुढे नाव झालं तरी तिने त्या जिवापाड जपल्या.

या कॉपीला ट्रेसिंग समजू नका. जपानी पद्धतीच्या चित्रात खनिजांची पूड सरसात कालवून रंग तयार करतात आणि तो बऱ्याचदा रेशमावर लावतात. कपाळाजवळचे केस एकेक रेघ ओढून काढायचे. हात थरथरला की खोडायची सोय नाही. दुसऱ्याची रेघ पुन्हा ओढताना ती कुठे जाड होते, कुठे थांबते, हे हाताला कळत जातं. शोएनचा रियाज तो हाच.

1890 साली तोक्योच्या राष्ट्रीय प्रदर्शनात तिने चार ऋतूंच्या चार स्त्रिया मांडल्या. वय वर्षं पंधरा! बक्षीस तर मिळालंच, वर ते चित्र राणी व्हिक्टोरियाच्या मुलाने, ड्यूक ऑफ कॅनॉटने, विकत घेतलं. दिल्लीचं कॅनॉट प्लेस ज्याच्या नावाचं, तोच हा. आणि गंमत म्हणजे त्याआधी तो मुंबई प्रांताच्या लष्कराचा प्रमुख होता, पुण्यात राहायचा. ती नोकरी संपवून घरी परतताना वाटेत जपानला थांबला आणि एका शाळकरी वयाच्या मुलीचं चित्र घेऊन गेला.

इथून पुढे सगळं सोपं झालं असेल असं वाटतंय? अजिबात नाही. 1902 मध्ये तिला मुलगा झाला, लग्नाशिवाय. वडील कोण, हे तिने कधीच जाहीर केलं नाही. लोक बोलत राहिले, ती काम करत राहिली. 1904 मध्ये क्योतोच्या प्रदर्शनात कुणीतरी तिच्या चित्रातल्या बाईच्या चेहऱ्यावर पेन्सिलीने गिरगोटलं. आयोजकांना प्रकरण गुपचूप मिटवायचं होतं. शोएनने मात्र चित्र आहे तसंच टांगून ठेवायला लावलं. लोकांना दिसू दे, काय केलंय ते. आजच्या ट्रोलिंगला याहून चांगलं उत्तर सुचतंय का?

1918 चं ‘होनो’ म्हणजे ज्वाला. त्यात मत्सराने पेटलेली बाई स्वतःचे केस दातात धरून मागे वळून बघते, तिच्या किमोनोवर कोळ्याची जाळी आहेत. डोळ्यांत वेगळीच चमक यावी म्हणून शोएनने रेशमाच्या मागच्या बाजूने सोनं लावलं. अशी युक्ती नुसत्या नकलेत सापडत नाही. 

आणि तिच्या बायकाही वेगळ्या होत्या. आधीच्या पुरुष चित्रकारांच्या बिजिन-गामध्ये बहुतेक वेळा गणिका असत, बघणाऱ्याला आवडाव्यात म्हणून सजलेल्या. 1934 मध्ये आई गेली आणि शोएनने ‘माय-लेक’ काढलं. पुढे दाराचा फाटलेला कागद चिकटवणारी बाई काढली. 1936 चं ‘जो नो माई’ सव्वादोन मीटरहून उंच आहे, नोह नाट्यातल्या नृत्याच्या सुरुवातीला ताठ उभी असलेली तरुणी. त्यासाठी तिने सुनेला समोर उभं केलं होतं. ही बाई कुणाला खूश करायला उभी नाही, हे बघताक्षणी कळतं.

1948 मध्ये जपानचा ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढच्याच वर्षी ती गेली. तिचा मुलगा शोको हाही मोठा चित्रकार झाला आणि 1984 मध्ये त्यालाही तोच सन्मान मिळाला. नावात आईसारखाच ‘शो’! ‘जो नो माई’ तर 1965 मध्ये पोस्टाच्या तिकिटावर आलं, म्हणजे तिच्याही चित्राच्या लाखो कॉप्या घरोघरी गेल्या.

तेव्हा तुम्ही कुणाचं चित्र बघून काढत असाल, कुणाच्या चाली गिटारवर बसवत असाल, तर लाजू नका. फक्त ते दुसऱ्याचं आहे हे लपवू नका आणि तेवढ्यावर थांबूही नका. वही उघडा. आज एक रेघ नीट बघून ओढा.