केरीसाहेबांच्या प्रवासाची तयारी

विल्यम केरी यांची गोष्ट आमच्या शब्बाथशाळेत दरवर्षी एकदा तरी होतेच. जोडे शिवण्याचे दुकान, भिंतीवर स्वतःच्या हाताने काढलेला जगाचा नकाशा, प्रत्येक देशाच्या चौकोनात लिहिलेली लोकसंख्या आणि धर्म, हे सर्व मुले डोळे मोठे करून ऐकतात. मग आम्ही जहाज सोडतो, आणि पुढच्याच वाक्यात केरीसाहेब बंगालमध्ये सेरामपूरला छापखाना चालवू लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका पाठानंतर मागच्या बाकावर बसलेल्या एका आजींनी आम्हाला विचारले की, त्यांच्या बायकोची जायची तयारी होती का? आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके काढली. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

केरी यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात झाला. वडील प्रथम विणकर होते, पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले. विल्यम जवळच्या गावी जोडे शिवायला शिकले, आणि १७८१ साली, वीस वर्षांचेही पुरे झाले नव्हते तेव्हा, त्यांनी डॉरथी प्लॅकेट हिच्याशी लग्न केले. ती त्यांच्याहून पाचेक वर्षांनी मोठी. चर्चच्या रजिस्टरमध्ये सही करायची वेळ आली तेव्हा तिने फुली काढली, कारण तिला लिहिता येत नव्हते. इकडे नवरा मात्र जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच आणि डच शिकला. घरात खाण्याची पंचाईत होती. पुढे पाळकपण मिळाले तरी दोन मुली लहानपणीच गेल्या.

केरीसाहेबांची तयारी वर्षानुवर्षे चालली होती, हे खरे. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णने वाचून त्यांच्या मनाने घेतले, की इतक्या दूरच्या लोकांना शुभवर्तमान कोण सांगणार? १७९२ साली त्यांनी या विषयावर एक पुस्तिका छापली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे विधवा वॉलिसबाईंच्या घरी थोडे पाळक जमले आणि बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. वर्गणी कबूल झाली ती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. हिंदुस्थान तेव्हा ठरलाही नव्हता. केरींच्या मनात ताहिती किंवा पश्चिम आफ्रिका होती. जॉन थॉमस नावाचे जहाजावरचे डॉक्टर बंगालमधून परत आले होते, त्यांनी सगळे फिरविले. जानेवारी १७९३ मध्ये दोघांची नेमणूक झाली. थॉमस प्रेमळ होते, उत्साही होते, आणि कर्जात बुडालेले होते. कोणत्याही कमिटीने असा सोबती देण्यापूर्वी दोनदा चौकशी करावी असे आम्हाला वाटते, पण तेव्हा सर्वांनाच घाई झाली होती.

घरी बातमी कळल्यावर वडिलांना मुलाचे डोके ठिकाणावर आहे की नाही अशी शंका आली. डॉरथीबाईंनी साफ नकार दिला. तीन मुले पदराशी, चौथ्याचे दिवस भरत आलेले, फ्रान्सशी नुकतेच युद्ध सुरू झालेले. समुद्रकिनारा जिथून कित्येक मैल दूर अशा खेड्यात वाढलेल्या बाईने आणखी काय म्हणावे? तिचा विश्वास कमी होता असे पूर्वीच्या चरित्रकारांनी सुचविले आहे. आम्हाला तसे म्हणवत नाही. शेवटी असे ठरले की केरींनी थोरल्या फेलिक्सला बरोबर न्यावे आणि बाकीच्यांना नंतर घेऊन जावे.

आता परवान्याचे पाहू. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात जायला कंपनीचा परवाना लागे, आणि मिशनऱ्यांना तो मिळत नसे. हा कायदा १८१३ साली सैल झाला. थॉमस पूर्वी ज्या जहाजावर नोकरीला होते त्या अर्ल ऑफ ऑक्सफर्डच्या कप्तानाने त्यांना परवान्याशिवाय घेतले. एप्रिलमध्ये सगळे चढले, पण लढाईमुळे सोबतीच्या जहाजांची वाट पाहत वाइट बेटाजवळ आठवड्यांवर आठवडे अडकून पडले. तेवढ्यात कप्तानाला निनावी पत्र आले, आणि बिनपरवान्याचे उतारू त्याला उतरवावे लागले. सामान किनाऱ्यावर आले. केरींना तर सर्व संपल्यासारखे वाटले असावे. इकडे मे महिन्याच्या आरंभी डॉरथीबाईंना मुलगा झाला होता. त्याचे नाव जेबेझ.

लंडनला परत आल्यावर एका कॉफीगृहात डॅनिश जहाजाचा पत्ता लागला. त्याला कंपनीचा परवाना नको होता. भाडे माणशी शंभर पौंड, मुलाला पन्नास. दोघे रातोरात प्रवास करून सकाळी घरी आले. डॉरथीबाईंनी न्याहारी वाढली आणि पुन्हा नाही म्हटले. ते निघाले. वाटेत थॉमस म्हणू लागले, परत जाऊन पाहू. केरी नको म्हणत होते, वेळ फुकट जाईल म्हणून. थॉमस एकटेच गेले, आणि न गेल्यास जन्मभर पस्तावशील असे त्यांनी तिला बजावले. बाई घाबरली. बहीण किटी बरोबर येत असेल तर येते, म्हणाली. किटी तयार झाली. सामान बांधायला जवळजवळ एकच दिवस मिळाला. घरातले सामानसुमान विकले. महिन्याभराच्या बाळाला गुंडाळून बाई गाडीत बसली.

ज्या प्रवासाची तयारी नवऱ्याने इतकी वर्षे केली, त्याची तयारी करायला बायकोला एक दिवस मिळाला. आम्ही उपदेश करणारे लोक असले वळण लागलीच देवाचा हात म्हणून सांगतो. देवाचा हात होता हे आम्ही नाकारीत नाही. पण थॉमस यांनी वापरलेला उपाय भीतीचा होता, हेही मुलांना सांगायला हवे.

पैसे पुरेनात. तेव्हा थॉमस आणि किटी नोकर म्हणून जातील असे सांगून आठ जणांचे भाडे तीनशे गिनीवर आणले. जहाजावर मात्र कॅप्टन ख्रिसमस यांनी त्या दोघांनाही नोकरासारखे वागविले नाही. १३ जून १७९३ रोजी ते डोव्हरहून निघाले आणि वाटेत कोठेही न उतरता नोव्हेंबरात कलकत्त्यास पोहोचले. वाटेत केरी थॉमसकडून बंगाली शिकत होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. थॉमस यांच्या हातून पैसे लवकरच संपले. राहायला धड घर नव्हते, डॉरथीबाई आणि फेलिक्स हगवणीने आजारी पडले. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर वारला. त्यानंतर डॉरथीबाईंचे मन ढळले ते सावरलेच नाही. नवऱ्यावर भलते संशय, आरडाओरड, कधी खोलीत बंद करून ठेवावे लागे. असे बारा वर्षे. केरींनी तिला वेड्यांच्या इस्पितळात मात्र पाठविले नाही. नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने आपल्या मराठीचे काम त्यांनी हाती घेतले, १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, ते याच घरात राहून. डॉरथीबाई डिसेंबर १८०७ मध्ये गेल्या. मराठी नवा करार छापून निघाला तो १८११ साली.

हे सर्व आम्ही त्या आजींच्या घरी जाऊन सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि मग पहिली चौकशी केली ती किटीची. देभाटा येथे चार्ल्स शॉर्ट नावाचे कंपनीचे एक इंग्रज अधिकारी होते, त्यांनी या निराश्रित कुटुंबाला आपल्या बंगल्यात ठेवून घेतले होते. किटीने पुढे त्यांच्याशी लग्न केले.