तुरुंगाआधी शाळा मागणाऱ्या मेरी कार्पेंटर

गुन्हा केलेल्या मुलाला तुरुंगात नव्हे, सुधारगृहात पाठवावे, हे तत्त्व आज कायद्याने मान्य झाले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र इंग्लंडमध्ये किरकोळ चोरी करणारी मुलेही मोठ्यांच्याच तुरुंगात डांबली जात. ही रीत बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत ब्रिस्टॉलच्या मेरी कार्पेंटर यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १८०७ रोजी एक्झिटर येथे झाला. वडील लँट कार्पेंटर हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि शाळाही चालवीत. त्या काळी मुलींना क्वचितच लाभणारे लॅटिन, ग्रीक व गणिताचे शिक्षण मेरी यांना घरातच मिळाले. १८३३ मध्ये राजा राममोहन रॉय ब्रिस्टॉलला आले असता त्यांची भेट झाली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला रॉय यांचे तेथेच निधन झाले. मेरी यांच्या मनात मात्र भारताविषयीची आस्था कायमची रुजली.

१८४६ मध्ये ब्रिस्टॉलच्या ल्युइन्स मीड या दरिद्री वस्तीत त्यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी शाळा काढली. या मुलांना तुरुंगाची वाट किती जवळची आहे, हे त्यांनी तेथे पाहिले. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी तीन प्रकारच्या शाळांची मागणी केली : गरिबांसाठी मोफत शाळा, भटक्या मुलांसाठी उद्योगशाळा आणि शिक्षा झालेल्यांसाठी सुधारशाळा. पहारेकरी आणि कुलपे मूल घडवू शकत नाहीत, त्यासाठी प्रेमळ व प्रशिक्षित शिक्षक हवेत, असा त्यांचा आग्रह होता. केवळ लिहून त्या थांबल्या नाहीत. १८५२ मध्ये किंग्जवूड येथे सुधारशाळा सुरू झाली. १८५४ मध्ये लेडी बायरन यांनी घेऊन दिलेल्या रेड लॉज या वास्तूत मुलींची स्वतंत्र सुधारशाळा उभी राहिली.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने सुधारशाळांना मान्यता देणारा कायदा केला. मात्र त्यात एक अट होती. सुधारशाळेत जाण्यापूर्वी मुलाने किमान १४ दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत! गुन्ह्याला शिक्षा हवीच, असे मानणाऱ्यांशी झालेली ही तडजोड होती. मुलावर तुरुंगाचा शिक्का एकदा बसला की शाळेचे निम्मे काम वाया जाते, अशी मेरी यांची भूमिका होती. ही अट रद्द होण्यास १८९९ साल उजाडावे लागले; तोवर त्यांच्या मृत्यूला २२ वर्षे लोटली होती.

प्रौढ कैद्यांचा प्रश्नही त्यांनी हाती घेतला. १८६४ च्या ग्रंथात त्यांनी आयर्लंडमधील वॉल्टर क्रॉफ्टन यांच्या पद्धतीचा पुरस्कार केला. त्या पद्धतीत कैद्याला टप्प्याटप्प्याने मोकळीक मिळे. जेम्स ऑर्गन हे शिक्षक कैद्यांना शिकवीत, सुटकेनंतर काम शोधून देत आणि त्यांची विचारपूसही करीत. सुटका म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे, हे सूत्र त्यातून पुढे आले.

१८६६ ते १८७६ या काळात त्या चार वेळा भारतात आल्या. पहिल्या भेटीत त्या मुंबईत उतरल्या. मुलींसाठी शिक्षिका तयार करणे, तुरुंगांत शिक्षण देणे आणि बालगुन्हेगारांना वेगळे ठेवणे, या मागण्या त्यांनी सरकारपुढे मांडल्या. १८७६ मध्ये भारतात सुधारशाळांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा आला.

१४ जून १८७७ रोजी ब्रिस्टॉलमध्ये त्यांचे निधन झाले. राममोहन रॉय यांची समाधी असलेल्या आर्नोस व्हेल स्मशानभूमीतच त्या विसावल्या आहेत.

भारतात २०१५ च्या कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यांत १६ ते १८ वयोगटातील मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट खुली केली. आधी शिक्षा की आधी शिक्षण, हा मेरी कार्पेंटर यांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे अजूनही आपल्यासमोर उभा आहे.