शिवणकाम करणाऱ्या बाईचं ऐकणारा डॉक्टर

मैत्रिणींनो, आतड्याचा कर्करोग म्हटलं की आपल्या मनात लगेच येतं, खाण्यापिण्याचं काहीतरी चुकलं असेल, नाहीतर व्यसन असेल. पण काही घरांत हा आजार आजोबांकडून मुलांकडे आणि मुलांकडून नातवंडांकडे चालत येतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांनी अशा एका घराची नीट नोंद करून ठेवली, त्या डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांच्याबद्दल आज लिहायचं आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांचं नाव मोठं आहे, पण त्या मोठेपणाच्या मुळाशी एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं बोलणं आहे. ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

वॉर्थिन यांचा जन्म 1866 सालचा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. आधी ते संगीत शिकले. पियानोची रीतसर पदविकाही त्यांनी मिळवली होती. मग ते वैद्यकाकडे वळले आणि मिशिगन विद्यापीठातून 1891 मध्ये डॉक्टर झाले. पुढचं सारं आयुष्य त्यांनी तिथेच, अ‍ॅन आर्बर गावी काढलं. त्यांचा विषय होता पॅथॉलॉजी. आपल्याला पॅथॉलॉजी म्हटलं की रक्त-लघवी तपासणारी लॅब आठवते. पण ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे अगदी पातळ काप करायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून ती गाठ साधी की कर्करोगाची हे सांगायचं, हेही पॅथॉलॉजिस्टचंच काम. पेशंटला तो बहुधा भेटतही नाही. त्याच्यासमोर येतो तो फक्त काचेवरचा तुकडा.

वॉर्थिन मात्र काचेच्या पलीकडच्या माणसाकडेही बघत. 1895 सालची गोष्ट. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक तरुण बाई फार उदास दिसायची. त्यांनी कारण विचारलं. ती म्हणाली की मी लवकरच मरणार. आमच्या घरातली बहुतेक माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानेच जातात, माझंही तेच होणार. त्या वेळी ती धडधाकट होती. दुसऱ्या एखाद्याने हसून सोडून दिलं असतं, नाहीतर मनात काही आणू नको म्हणून समजूत घातली असती. आपल्याकडे घरोघरी हेच होतं ना? वॉर्थिननी तसं केलं नाही. त्यांनी तिच्या घराण्याची माहिती गोळा करायला सुरुवात केली. आजोबा कशाने गेले, काका-आत्यांचं काय झालं, त्यांच्या मुलांचं काय झालं, हे सगळं ते एकेक करून टिपत गेले.

हे काम वर्षानुवर्षं चाललं. 1913 मध्ये त्यांनी ते छापलं. जर्मनीतून आलेल्या त्या आजोबांचे 48 वंशज, आणि त्यातल्या 17 जणांचा कर्करोगाने मृत्यू झालेला किंवा त्यासाठी ऑपरेशन झालेलं. दहा जणींना गर्भाशयाचा, सात जणांना जठराचा. घराण्याचं नाव उघड होऊ नये म्हणून त्यांनी फक्त ‘जी’ एवढं अक्षर वापरलं. आणि ती शिवणकाम करणारी? तिने सांगितलं होतं तसंच झालं. गर्भाशयाच्या कर्करोगाने ती ऐन उमेदीत गेली.

एवढं हाती असूनही त्या काळी या लिखाणाची फारशी दखल घेतली गेली नाही. कर्करोग घराण्यातून येतो, हे बहुतेक डॉक्टरांना पटतच नव्हतं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वॉर्थिन स्वतः युजेनिक्सच्या, म्हणजे निवडक ‘चांगल्या’ वंशाच्या लोकांनीच मुलं जन्माला घालावीत अशा विचाराच्या बाजूचे होते. तो विचार किती घातक आहे, हे जगाने पुढे पाहिलं. माणूस मोठा असला तरी त्याचं सगळंच बरोबर असतं असं नाही. त्यांची नोंदवही मात्र खरी होती. 1931 मध्ये ते वारले. लाळेच्या ग्रंथीत होणाऱ्या एका साध्या गाठीला आजही त्यांचं नाव आहे.

त्यांच्या मागे ही नोंदवही जपली गेली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांना अशीच काही घराणी भेटली, तेव्हा मिशिगनमधून वॉर्थिन यांचे ते जुने कागद त्यांच्या हाती आले. लिंच यांच्याबरोबर अ‍ॅन क्रश नावाच्या समाजसेविका काम करत होत्या. मी स्वतः या क्षेत्रात थोडंफार काम करते, त्यामुळे हे वाचून मला फार बरं वाटलं. घराण्याची माहिती मिळवायची तर माणसांशी बोलावं लागतं, त्यांचा विश्वास मिळवावा लागतो. दोघांनी ‘जी’ घराण्याचा पुन्हा अभ्यास करून 1971 मध्ये तो छापला. पुढच्या पिढ्यांत जठराचा कर्करोग कमी झाला होता आणि मोठ्या आतड्याचा वाढला होता. या आजाराला आज ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. 2000 मध्ये ‘जी’ घराण्यातला नेमका दोषही सापडला. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते आणि त्यात चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी यंत्रणाच या लोकांत जन्मतः अधू असते. उसवलेला टाका वेळेवर घातला नाही की शिवण पुढे उसवतच जाते, तसंच हे. तोवर त्या आजोबांचे वंशज नऊशेच्या वर गेले होते.

आता आपल्यापुरतं बघू. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत साधारण तीन जणांना लिंच सिंड्रोम असतो. तो आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही, आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांच्यात तो आहे, त्यांनी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी करून घ्यायची असते. आतड्यातली छोटी गाठ तेव्हाच काढून टाकली तर पुढचा कर्करोग टळू शकतो. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला ही सोय नव्हती. आपल्याला आहे.

शौचातून रक्त गेलं की आपण मूळव्याध समजून घरगुती उपाय करत बसतो. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते. पण ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’मध्येही रक्त जातं. त्यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. हा आजार आठ-दहा वर्षं राहिला तर कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून त्यांनाही नियमित तपासणी लागते. सूज कसली आणि गाठ कसली, हे नक्की कळतं ते तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टने बघितल्यावरच. तसंच पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर तो अंगावर काढू नका, लाजूही नका. डॉक्टरांना दाखवा.

आणि एक वही करा. आजी-आजोबा, काका-आत्या, मामा-मावशी कोणत्या आजाराने गेले, तेव्हा त्यांचं वय काय होतं, हे त्यात लिहा. लग्न होऊन आलो की माहेरची ही माहिती मागेच राहते. मुलांच्या फॉर्मवर वडिलांकडचं सगळं असतं, आईकडचं कुणी विचारतच नाही. पण मुलांच्या अंगात निम्मं आईकडूनच आलेलं असतं. घरात दोन-तीन जणांना, विशेषतः पन्नाशीच्या आत, आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी यासाठी खास सल्लाही मिळतो. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी आपण होऊन सांगा.