थंडीतून ऊब उपसणारे लॉर्ड केल्विन

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या अनेकांच्या घरी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर हिवाळ्यात ‘ऑक्स हीट’ ही अक्षरे उमटतात. शेजारी ‘इमर्जन्सी हीट’ असाही एक पर्याय असतो. या दोन्हींचा अर्थ नीट न कळल्याने विजेचे बिल अचानक फुगते. ज्यांच्या विचारातून हे यंत्र जन्मले, त्या विल्यम थॉमसन ऊर्फ लॉर्ड केल्विन यांच्या आयुष्यातच या कोड्याचे उत्तर सापडते.

थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी बेलफास्टमध्ये झाला. ते सहा वर्षांचे असताना आई वारली. गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांनी मुलांना घरीच शिकवले. १८३२ मध्ये वडिलांना ग्लासगो विद्यापीठात नेमणूक मिळाली आणि कुटुंब स्कॉटलंडला आले. अवघ्या दहाव्या वर्षी विल्यमने त्याच विद्यापीठात नाव नोंदवले. पुढे केंब्रिजचे शिक्षण संपवून १८४५ मध्ये ते पॅरिसला रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत काही महिने राहिले. तिथे त्यांनी सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याच्या पुस्तकाचा शोध घेतला. ते पुस्तक थॉमसन यांच्या जन्मवर्षीच छापले गेले होते, पण दुकानदारांनी त्याचे नावही ऐकलेले नव्हते. त्यातला विचार त्यांना क्लापेरॉन यांच्या लेखातून समजला होता. पाणी उंचावरून खाली पडताना चाक फिरवते, तशी उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाताना इंजिन फिरवते, असा तो विचार.

१८४६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, थॉमसन ग्लासगोला प्राध्यापक झाले आणि पुढची ५३ वर्षे तिथेच शिकवत राहिले. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या एका परिषदेत त्यांची गाठ जेम्स जूल यांच्याशी पडली. काम आणि उष्णता एकमेकांत बदलतात, हे जूल यांनी मोजून दाखवले होते. तारेतून वीज गेली की ती तापते आणि त्या उष्णतेचा हिशेब काटेकोर मांडता येतो, हेही त्यांनीच सांगितले. थॉमसन यांना आधी ते पटेना, पण पुढे दोघांनी मिळून प्रयोग केले. १८४८ मध्ये थॉमसन यांनी निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी मांडली. तिचे शून्य म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस. या पट्टीवर उणे १० अंशांची बोचरी हवाही २६३ अंशांवर असते. म्हणजे जी हवा आपल्याला गार लागते, तिच्यातही भरपूर उष्णता शिल्लक असते.

१८५२ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. इंजिन उलटे चालवले, तर थोडे काम खर्चून थंड जागेतली उष्णता गरम जागेत उपसता येईल आणि त्यातून इमारती गरम किंवा थंड करता येतील, असा निबंध त्यांनी मांडला. कोळसा शेगडीत जाळून मिळते त्यापेक्षा कितीतरी जास्त ऊब अशा यंत्राने मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. पण तेव्हा ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक होता. घर गरम करण्यासाठी अशा यंत्राची कोणाला निकड वाटली नाही.

थॉमसन स्वतःही इतर कामांत गुंतले. अटलांटिक महासागराखालून टाकलेली १८५८ ची तार काही आठवड्यांत बंद पडली. १८६६ मध्ये टिकाऊ तार पडली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि त्याबद्दल त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८९२ मध्ये ते लॉर्ड झाले. ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी घेतले. सगळेच अंदाज बरोबर ठरले असे नाही. पृथ्वीचे वय त्यांनी फारच कमी धरले होते.

त्यांच्या हिशेबात एक मर्यादाही होती, आणि थर्मोस्टॅटवरची ती अक्षरे तिच्याशीच जोडलेली आहेत. घरात २० आणि बाहेर १० अंश असतील, तर आदर्श यंत्र एक युनिट विजेत सुमारे २९ युनिट उष्णता आत आणू शकते. बाहेर उणे १० झाले की हा आकडा १० पेक्षा थोडा खाली येतो. प्रत्यक्षातले हीट पंप याहून बरेच मागे असतात. सौम्य थंडीत ते तीन-चार पट, कडाक्याच्या थंडीत साधारण दुप्पट उष्णता देतात. म्हणजे बाहेर थंडी वाढते तशी घराची गरज वाढते आणि यंत्राची ताकद मात्र घटते.

समजा, कडक थंडीत घराला १० किलोवॉट उष्णता लागते आणि पंप तीन किलोवॉट वीज घेऊन सहाच देतो. उरलेले चार किलोवॉट विजेवर तापणाऱ्या तारा पुरवतात. हीच ऑक्झिलरी, म्हणजे जोडीला येणारी उष्णता. इथे जूल यांचा नियम लागू होतो. एका युनिटला एकच युनिट मिळते. एकूण वीज सात किलोवॉट. बाहेरच्या कॉइलवर साचलेला बर्फ वितळवताना किंवा थर्मोस्टॅट एकदम चार-पाच अंश वाढवल्यावरही या तारा सुरू होतात. त्यामुळे ती अक्षरे अधूनमधून दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. सौम्य थंडीतही ती तासन्‌तास दिसत राहिली, तर मात्र तंत्रज्ञाला बोलवावे.

इमर्जन्सी हीट वेगळी. ती आपण हाताने लावायची असते. त्यात पंप पूर्ण बंद होतो आणि सगळा भार तारांवर येतो. वरच्या उदाहरणात १० किलोवॉट उष्णतेला १० किलोवॉट वीज. पंप बिघडला किंवा बाहेरचे यंत्र बर्फाने जाम झाले, तर दुरुस्ती होईपर्यंत तिचा उपयोग करावा. केवळ थंडी फार आहे म्हणून ते बटण दाबले, तर पंपातून मिळणारी फुकटची ऊब आपणच नाकारतो.

नोव्हेंबर १९०७ मध्ये केल्विन यांना थंडी बाधली. तब्येत ढासळत गेली आणि १७ डिसेंबरला लार्ग्ज इथल्या घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनजवळ त्यांचे दफन झाले. त्यानंतर वीसेक वर्षांनी हॅल्डेन या अभियंत्याने स्कॉटलंडमधल्या आपल्या घरी हीट पंप बसवला, आणि १९३८ मध्ये झुरिकचे नगरभवन नदीच्या पाण्यातून उपसलेल्या उष्णतेने उबदार झाले. केल्विन यांनी कागदावर मांडलेला हिशेब तोवर ८६ वर्षांचा झाला होता.