परीक्षा तोंडावर असताना जेपींनी कॉलेज सोडलं, आणि आपल्या विचारांचं कॉलेज शोधत थेट अमेरिका गाठली

कॉलेज निवडताना आपण काय बघतो? कटऑफ, फी आणि प्लेसमेंट. जयप्रकाश नारायण यांनी मात्र एकच गोष्ट बघितली. कॉलेजला इंग्रज सरकारचा पैसा मिळतो का?

तर झालं असं की, बिहारच्या सिताबदियारा गावात १९०२ साली जन्मलेले जेपी अभ्यासात हुशार. शिष्यवृत्ती मिळवून ते पाटणा कॉलेजात विज्ञान शिकत होते. १९२१ साली असहकार चळवळीच्या काळात मौलाना आझाद यांचं भाषण त्यांनी ऐकलं आणि इंटरची परीक्षा तोंडावर असताना कॉलेजला रामराम ठोकला.

मग शिकायचं कुठं? राष्ट्रीय शिक्षणासाठी नुकत्याच सुरू झालेल्या बिहार विद्यापीठातून त्यांनी इंटर पूर्ण केलं. पण पुढं तिथं शिकायची सोय नव्हती. बनारस हिंदू विद्यापीठ जवळ होतं, पण त्याला सरकारी अनुदान होतं. म्हणून तेही नको.

शेवटी १९२२ साली ते अमेरिकेला निघाले. पत्नी प्रभावतीदेवी भारतातच थांबल्या, पुढं गांधीजींच्या साबरमती आश्रमात राहिल्या. दोघांची ताटातूट सात वर्षांची.

अमेरिकेत सरकारी अनुदानाचा प्रश्न नव्हता, पण खिशाचा होता. द्राक्षाच्या मळ्यात मजुरी आणि हॉटेलात बशा धुणं, अशी मिळतील ती कामं त्यांनी केली. बर्कलेला प्रवेश घेतला, तिथली फी वाढल्यावर आयोवा गाठलं. तिथून ते विस्कॉन्सिनला गेले आणि तिथंच सगळं फिरलं.

विस्कॉन्सिनमध्ये त्यांना डाव्या विचारांचे मित्र भेटले. मार्क्स आणि मानवेंद्रनाथ रॉय यांचं लेखन हाती पडलं. गांधीजींच्या हाकेवर कॉलेज सोडलेला पोरगा मार्क्सवादी झाला. विज्ञान मागं पडलं, समाजशास्त्र आलं. ओहायोमधून त्यांनी एमए केलं आणि आई आजारी असल्यानं पीएचडी न करताच १९२९ मध्ये ते परतले. म्हणजे आपल्या विचारांचं कॉलेज शोधायला गेलेल्या जेपींचे विचारच कॉलेजनं बदलले.

हे विचार पुढं महाराष्ट्रात रुजले. १९३२ च्या अटकेनंतर नाशिकच्या तुरुंगात त्यांना अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे, मिनू मसानी असे तरुण भेटले. तिथल्या चर्चांमधूनच १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला.

१९७४ साली बिहार आंदोलनात सत्तरी ओलांडलेल्या जेपींनी विद्यार्थ्यांना एक वर्ष कॉलेज सोडायला सांगितलं. सगळ्यांनी ते ऐकलं नाही. वर्ष वाया जाण्याची भीती खरीच होती. पण सांगणाऱ्यानं ती किंमत स्वतः ५३ वर्षांपूर्वीच मोजली होती.